शाळेला श्रेणी, सरकारला सूट

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यांच्या शालेय शिक्षणाची गुणपत्रिका प्रसिद्ध केली. 'परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स' हे तिचं नाव. महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण होते, केरळ आणि पंजाबलाही तेवढेच. म्हणजे पहिला नंबर, तिघांत विभागून. गुणपत्रिका होती २०२०-२१ या वर्षाची. ते वर्ष जरा आठवून पाहा. राज्यातल्या प्राथमिक शाळांना जवळजवळ वर्षभर कुलूप होतं. पहिलीत नाव घातलेल्या पोरांनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. वाडीवस्तीवर रेंज नाही, घरात मोबाईल एकच आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला. नेमक्या त्या वर्षी आपण तोवरचे सर्वाधिक गुण मिळवले.

यात कुणी आकडे फिरवले असं मी म्हणत नाही, तशी गरजच नव्हती. या निर्देशांकात ७० निकष होते आणि गुणांची वाटणी अशी: मुलं काय शिकली याला १८०, शाळा हाताशी आहे का याला ८०, इमारत-सुविधांना १५०, समतेला २३० आणि कारभाराला ३६०. म्हणजे मुलं शिकली का यापेक्षा कारभाराला बरोबर दुप्पट वजन. बरं, शिकण्याचे ते १८० गुण द्यायचे कशावरून? नोव्हेंबर २०१७ मधल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणावरून. ते सर्वेक्षण पुन्हा झालं थेट १२ नोव्हेंबर २०२१ रोजी. मधली सगळी वर्षं शिकण्याच्या रकान्यात २०१७ चाच शिळा आकडा बसत राहिला आणि राज्यं दरसाल वर चढत राहिली ती बाकीच्या रकान्यांच्या जोरावर. मुलांची ओळख ऑनलाइन नोंदीला जोडली का, हजेरी डिजिटल होते का, निधी किती दिवसांत खाली पोचतो, बदल्या ऑनलाइन होतात का, हे ते रकाने. यातलं सगळंच फालतू नाही. झेडपीच्या शिक्षकांच्या बदल्यांचा पूर्वी जो बाजार भरायचा तो ज्यांनी पाहिलाय, ते ऑनलाइन बदल्यांना नावं ठेवणार नाहीत. पण बदली ऑनलाइन झाली म्हणून काही तिसरीतल्या पोराला वाचता येऊ लागत नाही.

पुढच्याच वर्षी निकष बदलले. नव्या निर्देशांकात ७३ निकष आले, शिकण्याचे आकडे २०२१ च्या ताज्या सर्वेक्षणातून घेतले गेले आणि महाराष्ट्र ५८१ ते ६४० गुणांच्या गटात जाऊन बसला. त्या पायरीचं नाव 'प्रचेष्टा-३'. सर्वात वरच्या पायरीवर देशातलं एकही राज्य पोचलं नाही. एका वर्षात आपल्या शाळा पावणेतीनशेहून अधिक गुणांनी नासल्या, असं कुणी म्हणेल का? आणि नाही म्हणत असाल, तर त्या आधीच्या ९२८ चं काय करायचं?

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. मुलं किती शिकतात हे मोजलंच पाहिजे, नियमित आणि प्रामाणिकपणे. पण एकेका सरकारी शाळेच्या कपाळावर श्रेणीचा टिळा लावायची जी पद्धत पडली आहे, तिने मोजमापही बिघडतं आणि जबाबदारीही चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडते. शाळेला शिक्षक द्यायचा सरकारने, पैसा द्यायचा सरकारने, शिक्षकाला वर्गाबाहेर काढून भलतीच कामं सांगायची सरकारने आणि 'क' श्रेणी मात्र शाळेची.

वरून आलेली ही मोजदाद खाली झिरपताना तिचं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. २२ जून २०१५ च्या जीआरने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं. त्यामागचा मूळ विचार चांगला होता: एकही मूल मागे राहू द्यायचं नाही, आणि चाचणी घ्यायची ती कुणाला काय येत नाही ते कळण्यासाठी. पण 'प्रगत शाळा' जाहीर करायची शर्यत लागली आणि केंद्र (दहा-बारा शाळांचा गट), बीट (अशा काही केंद्रांचा गट), तालुका शंभर टक्के प्रगत झाल्याचे फलक झळकू लागले. त्याच काळात आयएसओचं पेव फुटलं. कारखान्यासाठी बनलेलं गुणवत्तेचं प्रमाणपत्र जिल्हा परिषदेच्या शाळांनी लोकवर्गणी काढून भिंतीवर लावलं. २०१५ च्या अखेरीस केंद्र सरकारची 'शाळासिद्धी' ही शाळा-मूल्यांकनाची योजना आली: सात क्षेत्रं, ४६ मानकं, आधी स्वयंमूल्यमापन, मग बाह्य मूल्यांकन. अलीकडे त्याहून मोठा आराखडा आला आहे, त्यात १२८ मानकं आहेत आणि प्रत्येकाला पुरावा जोडायचा आहे. मधल्यामध्ये 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' ही स्पर्धा झाली, राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस. बक्षिसाचं वाईट वाटायचं कारण नाही. पण मुख्यमंत्र्यांच्या संदेशपत्रासोबत पालकांनी आणि मुलांनी सेल्फी काढून अपलोड करायचा, हाही त्या काळात शाळांच्या कामाचा भाग झाला होता, एवढं नोंदवून पुढे जातो.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं उदाहरण यात फार बोलकं आहे. तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतः करून-पाहून शिकेल अशा रीतीने, खरोखर काम उभं केलं होतं. राज्यभरातून शिक्षक बसगाड्या करून ते बघायला गेले. परत आल्यावर बऱ्याच ठिकाणी काय झालं? वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने अंक, बाराखडी आणि सापशिडी उमटली. कारण तपासायला येणाऱ्या साहेबाला फरशी दिसते. मूल त्या फरशीवर बसून काय विचार करतं, हे पाहायचं तर वर्गात अर्धा दिवस मांडी घालून बसावं लागतं आणि साहेबांच्या दौऱ्यात एका शाळेला वाट्याला येतात वीस मिनिटं, चहा धरून.

नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका दोनशिक्षकी शाळेत मी बाह्य मूल्यांकनाच्या आदल्या दिवशी दुपारभर बसलो होतो. गुरुजींनी तिसरी-चौथीला फळ्यावर वजाबाकी दिली होती, ५२ वजा ३७. एक पोरगं पाटीवर २५ लिहून पुढे आलं. चूक सरळ दिसत होती: एककात दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. दशक मोकळा करायचा असतो हे त्याच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. काड्यांचे गठ्ठे काढून दहा मिनिटं त्याच्यासमोर बसलं असतं तर ते पोरगं कायमचं सुटलं असतं. गुरुजींना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी पाटी बघितली, मान हलवली आणि म्हणाले, "उद्या बघू रे." कारण हात धुण्याच्या टप्प्यांचे फोटो जोडायचे राहिले होते आणि लिंक पाच वाजता बंद होणार होती. नळाला पाणी नव्हतं. दोन पोरींनी शेजारच्या घरून बादली आणली, एकीने तांब्याने पाणी सोडलं, दुसरीने त्याखाली हात चोळले, नळ फोटोत येईल अशा बेताने. पहिला फोटो हलला. दुसऱ्याची साइज जास्त भरली. तिसरा चढला. दुसऱ्या दिवशी समिती आली, रजिस्टरं बघितली, परसबाग बघितली. शाळेला 'अ' मिळाला.

कुणाला वाटेल की हे एखाद्या शाळेचं, एखाद्या जिल्ह्याचं रडगाणं आहे. तर मध्य प्रदेशचं पाहू. तिथे २०१४ च्या सुमारास शाळांच्या मूल्यांकनाचा मोठा कार्यक्रम झाला: शाळेची पाहणी, गुणपत्रक, त्यावरून सुधारणेचा आराखडा आणि पाठपुरावा. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी तो नीट तपासला. चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या काही शाळांत कार्यक्रम राबवला आणि बाकीच्यांत नाही, अशी तुलना. निष्कर्ष काय, तर शाळांचे अहवाल तयार झाले, आराखडेही लिहिले गेले, पण शिक्षकांच्या हजेरीत, शिकवण्यात किंवा मुलांच्या शिकण्यात फरक शून्य. गंमत पुढे आहे. कागदं वेळेवर आली म्हणून सरकारदरबारी हा कार्यक्रम यशस्वी ठरला आणि त्याचंच रूप पुढे देशभर सुमारे सहा लाख शाळांपर्यंत पोचलं. त्याचं नाव शाळासिद्धी.

याच सिंग यांनी मध्य प्रदेशातल्या सरकारी चाचण्याही पडताळून पाहिल्या. शाळेने घेतलेल्या चाचणीतले तेच प्रश्न थोड्या दिवसांनी त्याच मुलांना बाहेरच्या माणसांनी विचारले. शाळेने कळवलेले गुण खऱ्यापेक्षा कितीतरी वरचे निघाले. शिक्षक लबाड असतात हा याचा अर्थ नव्हे. गुण देणारा, गुण भरणारा आणि गुणांवरून बोलणी खाणारा माणूस एकच असेल, तर दुसरं काय होणार? आपल्याकडे नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण चॅटबॉटवर भरतात ते वर्गशिक्षकच. 'तुमचा वर्ग लाल दिसतोय' असा निरोप केंद्राच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर आला की पुढच्या खेपेला तो हिरवा होतो. शाळांची आकडेवारी एकत्र पाहणाऱ्या सरकारी विद्या समीक्षा केंद्राच्या मोठ्या पडद्यावर तो हिरवा रंग छानच दिसत असणार.

निकालावर शाळा तोलायची ही कल्पना नवी नाही, आणि महाराष्ट्राला तर मुळीच नवी नाही. इंग्लंडात १८६२ मध्ये रॉबर्ट लो याने शाळांचं अनुदान मुलांच्या परीक्षेला बांधलं. तपासनीस यायचा, एकेका मुलाचं वाचन, लेखन, अंकगणित बघायचा आणि त्यावर शाळेचे पैसे ठरायचे. मुलं धडा पाठ करून ठेवू लागली. मॅथ्यू अर्नॉल्ड हा कवी पोटापाण्यासाठी शाळा तपासनीस होता, त्याने या पद्धतीवर कडाडून टीका केली. तरी ती तीसेक वर्षं टिकली. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानाला हेच तत्त्व लावलं जात होतं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिलं, त्यात या पद्धतीबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. निकालावर पैसे देण्याची रीत गरीब आणि अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला अजिबात योग्य नाही, कारण त्यांच्यात अजून शिक्षणाची गोडी लागलेली नाही आणि अशा वस्तीत आपल्या हिमतीवर शाळा काढून कुणा मास्तराचं पोट भरणार नाही. तिथे सरकारी शाळा आणि खास उत्तेजनच लागेल, हा त्यांचा मुद्दा.

याच्याइतकी नेमकी टीका मला नंतरच्या जाडजूड अहवालांत सापडलेली नाही. जिथे निकाल आपोआप लागतो, म्हणजे जिथे आईबाप शिकलेले आणि घरात पुस्तकं, तिथे बक्षीस जातं. जिथे मास्तराला दगडावर पेरायचं असतं, तिथे दंड बसतो. मग शहाणा मास्तर दगडाकडे जाईलच कशाला?

शंभराहून अधिक वर्षांनी हाच प्रयोग सर्वात मोठ्या प्रमाणावर झाला तो अमेरिकेत. फ्लोरिडाने १९९९ मध्ये शाळांना विद्यार्थ्यांसारख्या 'ए' ते 'एफ' अशा श्रेणी द्यायला सुरुवात केली, पुढे अनेक राज्यांनी तो कित्ता गिरवला. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तर २०१४ पर्यंत देशातलं शंभर टक्के मूल वाचन-गणितात पास झालंच पाहिजे असं फर्मान काढलं. २०१४ आलं आणि गेलं. २०१५ अखेर तो कायदाच बदलून शाळा मोजण्याचे बरेच अधिकार पुन्हा राज्यांकडे देण्यात आले. शंभर टक्के प्रगत तालुक्याचे फलक आपण लावत होतो, तेव्हा तिकडे ते उतरवले जात होते.

मधल्या काळात काय काय झालं! फ्लोरिडात 'ए' मिळालेल्या शाळेच्या आसपासच्या घरांचे भाव चढले. भारतातून तिकडे गेलेली मंडळी, मराठीही त्यात आलीच, घर शोधताना आधी शाळेचं रेटिंग बघतात, ते याचमुळे; आणि अशी घरं घेणाऱ्यांची मुलं आली की रेटिंग आणखी वर. व्हर्जिनियात कारवाईची टांगती तलवार असलेल्या शाळांनी परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या जेवणातल्या कॅलरी वाढवल्या, म्हणजे पोरांना तेवढ्यापुरती तरतरी यावी. (आपल्या पोषण आहारावर हा प्रयोग झाला तर निदान खिचडीत दाणे तरी दिसतील.) इंडियानात २०१२ मध्ये एका चार्टर शाळेला (सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार खाजगी) 'सी' मिळणार असं दिसताच सूत्रच बदलून तिला 'ए' देण्यात आला. ती शाळा चालवणारी बाई सत्ताधारी पक्षाला मोठ्या देणग्या देणारी होती. तेव्हाचे राज्याचे शिक्षणप्रमुख टोनी बेनेट पुढे फ्लोरिडाचे शिक्षण आयुक्त झाले आणि हे ईमेल बाहेर आल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. आणि अटलांटा. तिथल्या सगळ्या सरकारी शाळांच्या प्रमुख बेव्हर्ली हॉल यांना २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम शाळाप्रमुखाचा मान मिळाला होता. २०११ मध्ये राज्याच्या चौकशीत उघड झालं की ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार होते आणि त्यात १७८ शिक्षक-मुख्याध्यापक गुंतले होते. उत्तरपत्रिकेवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर करायची, एवढं साधं काम. २०१५ मध्ये ११ जणांना दोषी ठरवण्यात आलं. ज्या मुलांची उत्तरं खोडली, त्यांना कागदोपत्री सगळं येत होतं, म्हणून त्यांना जादा शिकवणीही मिळाली नाही. या प्रकरणातली मला सर्वात झोंबणारी गोष्ट ही आहे.

दुसरी बाजूही आहे आणि ती हलकी नाही. फ्लोरिडातल्या 'एफ' मिळालेल्या शाळांचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की त्यातल्या अनेक शाळा खरोखर हलल्या. शिकवण्याचा वेळ वाढवला, मागे पडलेल्या मुलांकडे लक्ष दिलं आणि मुलांचे गुण वाढले ते काही नुसती चलाखी करून नव्हे. 'नो चाइल्ड' कायद्याने सरासरीच्या पांघरुणाखाली दडलेली कृष्णवर्णीय, गरीब आणि अपंग मुलं निदान आकड्यांत तरी उघडी केली. आपल्याकडेही चाचण्याच नसत्या तर पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही ही गोष्ट कुणी मान्यच केली नसती. २००५ पासून 'असर' या बिगरसरकारी सर्वेक्षणाचे स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांपुढे एक परिच्छेद ठेवतात, त्यामुळे ती मान्य करावी लागली. आणि दर महिन्याला पगार घेऊन शाळेत न फिरकणारे, गेले तरी वर्गात न शिकवणारे गुरुजी काही दंतकथेतले नाहीत. गावोगावचे पालक मुलांना पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी शाळेत धाडतात, ते फक्त टाय-बुटाच्या हौसेपायी नाही.

म्हणून मोजू नका असं मी म्हणत नाही. पण फ्लोरिडातल्या त्या शाळेकडे वर्गावर शिक्षक होता, वाचन शिकवणारी तज्ज्ञ माणसं होती, वेळ वाढवायला पैसा होता. शिक्का बसल्यावर हलायला हातपाय होते. आपल्या दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयाद्या घेऊन फिरतोय आणि दुसरा चार वर्ग एकत्र बसवून लिंक भरतोय. तिला 'क' देऊन काय हलणार?

त्यात एक निव्वळ गणिती अडचण आहे, तिच्याकडे कुणी बघतच नाही. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या सरकारी शाळा सुमारे पंधरा हजार आहेत. अशा शाळेत तिसरीत चार मुलं असतात. एक मूल त्या दिवशी तापाने फणफणलं की निकाल २५ टक्क्यांनी खाली. पुढच्या वर्षी एखादी हुशार पोर आली की २५ टक्क्यांनी वर. गुरुजी तेच, शिकवणं तेच. टक्केवारीचा तक्ता मांडला की अशा लहान शाळा सर्वात वर दिसतात आणि सर्वात खालीही दिसतात, कारण लहान आकडा हेलकावेच फार खातो. अमेरिकेत टॉमस केन आणि डग्लस स्टायगर यांनी हे २००२ मध्येच दाखवून दिलं होतं. मग एका वर्षी गुरुजींचा सत्कार, दुसऱ्या वर्षी त्याच गुरुजींना नोटीस. काही जाणकार म्हणतात, पातळी न मोजता प्रगती मोजा, मूल कुठे होतं आणि कुठे पोचलं ते बघा. तत्त्व म्हणून हे रास्त आहे, घरच्या परिस्थितीचा दोष त्यातून थोडा निघतो. पण चार मुलांच्या वर्गात प्रगतीचा आकडा तर पातळीपेक्षाही जास्त उड्या मारतो.

आणि बीडसारख्या जिल्ह्यात तर मुळात मोजायचं कुणाला हाच प्रश्न आहे. दिवाळीच्या आगेमागे आष्टी, पाटोदा, शिरूर कासारकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. आईबापाबरोबर पोरं जातात सांगली-कोल्हापूरकडे किंवा पार कर्नाटकात, आणि परततात मार्च-एप्रिलात. त्यांच्यासाठी दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृह आहे, कागदावर सगळं आहे. पहिल्या सत्राच्या संकलित चाचणीला निम्मी पोरं फडावर असतात, दुसऱ्या सत्राच्या चाचणीला ती परतलेली असतात पण मधले पाच महिने गेलेले असतात. त्यांची गैरहजेरी कुणाच्या खात्यावर टाकायची? वस्तीवर थांबलेल्या आजीला गाठून "एवढं एक नातवंड तरी ठेवा" म्हणून विनवणाऱ्या बाईंच्या? हंगामी वसतिगृहाचा निधी हंगाम निम्मा सरल्यावर पोचला तर त्या दिरंगाईची श्रेणी कुठल्या फलकावर रंगवायची? पुण्यातल्या कोथरूडच्या आणि पाटोद्यातल्या वस्तीवरच्या शाळेला एकच तक्ता लावून ४६ काय आणि १२८ काय, कितीही मानकं भरून घेतली, तरी हाती लागतो तो बहुतांशी आईबापांच्या परिस्थितीचा आकडा.

मग करायचं काय? मोजायचं असेल तर नमुना घेऊन मोजा. राज्यात काय चाललंय, कुठल्या जिल्ह्यात भागाकार अडतोय, मुली कुठे मागे पडताहेत, हे कळायला प्रत्येक शाळेची परीक्षा घ्यावी लागत नाही. भाताची परीक्षा शितावरून होते. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीचं जे 'परख' सर्वेक्षण झालं ते याच तत्त्वावरचं आहे. 'असर'च्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवतात, कारण तिथे मूल घरी तपासलं जातं आणि त्या आकड्यावर कुणाची वेतनवाढ अडत नाही. पण सरकारी सर्वेक्षणाचाही आता हळूहळू शर्यतीत बळी जातोय. जिल्ह्यांचे क्रमांक लागू लागल्यापासून सर्वेक्षणाआधी सराव चाचण्या घेण्याचे आदेश निघतात. ताप मोजायच्या आधी रोग्याला थंड पाण्यात बसवण्यासारखं आहे हे. असं सर्वेक्षण शिक्षण खात्याच्या हातातून काढून त्रयस्थ संस्थेकडे द्यावं आणि त्यात शाळेचं किंवा शिक्षकाचं नाव कधीही येऊ नये.

एकेका शाळेत काय चाललंय हे बघायला माणूस लागतो, ॲप नव्हे. तो माणूस आपल्याकडे तीस वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेला आहे. केंद्रप्रमुख. आसपासच्या दहा-बारा शाळांत फिरायचं, वर्गात बसायचं, अडलेल्या शिक्षकाला पाठ घेऊन दाखवायचा, ही त्याची मूळ कामं. राज्यात ही ४,८६० पदं आहेत, त्यातली मोठी संख्या वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि जी भरली, त्या माणसांना आम्ही माहिती गोळा करणारे कारकून केलं. ५२ वजा ३७ ची चूक केंद्रप्रमुखालाच दिसू शकली असती. आकडा चॅटबॉटवर पोचतो तोवर ती चूक 'स्तर दोन' होऊन बसते. शिक्षक शाळेतच येत नसेल तर तेही महिन्यातून दोनदा येणाऱ्या केंद्रप्रमुखाला आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीला श्रेणीआधीच कळतं. त्यावर कारवाई करायला शिस्तभंगाचे नियम आहेत, त्यासाठी अख्ख्या शाळेला 'क' द्यायची गरज नाही.

आणि श्रेणी द्यायची खाज असेलच तर ती जरा वरच्या पायरीवर द्यावी. तालुक्याच्या शिक्षण विभागाला, जिल्ह्याला, मंत्रालयाला. त्यासाठी १२८ मानकं शोधायची गरज नाही, संसदेने ती केव्हाच लिहून ठेवली आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ म्हणतं की कुठल्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदं रिक्त असू नयेत. दोनशिक्षकी शाळेत एक पद रिकामं म्हणजे पन्नास टक्के. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये. २०१२ मध्ये महाराष्ट्रात शिक्षकभरती थांबली ती पुढे कित्येक वर्षं रखडली, पोरं डीएड करून पेट्रोल पंपावर कामाला लागली. त्या काळात राज्याने शाळांना प्रगत, आयएसओ, 'अ', 'ब' सगळं ठरवलं. कलम २६ मध्ये आपण स्वतः कुठल्या श्रेणीत बसतो, हे एकदाही जाहीर केलं नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे: ही माहिती गोळा कोण करणार, पुन्हा शिक्षकांनाच लिंक पाठवणार का? नाही. शिक्षकांचा पगार 'शालार्थ' प्रणालीतून निघतो. कुठल्या शाळेत किती माणसं पगारावर आहेत हे तिला दर महिन्याला ठाऊक असतं आणि मंजूर पदं किती, हे पटावरून पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत असतं. ही दोन कोष्टकं शेजारी ठेवली की राज्यातल्या प्रत्येक तालुक्याची रिक्त पदांची टक्केवारी एका दुपारी निघते, एकही फोटो अपलोड न करता. ती दर वर्षी १५ जूनला, शाळा उघडते त्या दिवशी, पंचायत समितीच्या दारात ठळक अक्षरांत लावावी आणि शेजारी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं, जिल्ह्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं आणि शिक्षणमंत्र्यांचं नाव असावं. शाळांच्या भिंतींवर श्रेणी रंगवायला मुख्याध्यापकांनी जिथून ऑइलपेंट आणला, त्याच दुकानात तो अजूनही मिळतो.